मापाचा कान

सांगली, ३ नोव्हेंबर

वन्सं, नमस्कार.

फोनच केला असता. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुम्ही गप्प बसता. सात वर्षांत आपलं एकदाही धड बोलणं झालेलं नाही. लिहिलेलं निदान खोडता येतं.

काम एकच आहे. शिवूच्या कानाचं ऑपरेशन ठरलं. मिरजेतले डॉक्टर म्हणाले, छातीचा घेर भरलाय, आता हाड पुरेल. बरगडीचं मऊ हाड काढतात, कोरून त्याचा कान करतात आणि कातडीखाली बसवतात. आधी उजवा, मग काही महिन्यांनी डावा. आतली वाट जन्मापासूनच बंद, त्यामुळे ऐकायला तिला डोक्यावरचा यंत्राचा पट्टा लागणारच. कान दिसण्यापुरता. पण दिसण्यापुरता म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

एक जरी कान चांगला असता तरी त्याचंच माप घेतलं असतं. शिवूचे दोन्ही शेंगदाण्याएवढे. अशा वेळी डॉक्टर घरातल्या बाईमाणसाचा कान पारदर्शक फिल्मवर पेनानं उतरवून घेतात, फिल्म कापतात आणि त्याबरहुकूम हाड कोरतात. माझ्याकडं गिऱ्हाईक मापाचा ब्लाउज घेऊन येतं ना, तसा हा मापाचा कान. "साधारण आईचाच घेतो," डॉक्टर म्हणाले. मी लगेच केस मागं केले. मला बघायला तुमच्या घरचे आले होते तेव्हा तुमच्या आईंनी सगळ्यांदेखत माझा पदर सारून आधी उजवा कान बघितला, मग डावा. तेव्हा राग आला होता. लग्नानंतर तुमचा डावा कान बघितला आणि कारण कळलं. म्हणजे या घरात मला आणलं तेच कान बघून.

तर मी केस मागं केले, आणि शिवू म्हणाली, "आत्याचा."

डॉक्टरांना वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, "वाईच्या आत्याचा. तिचा उजवा चांगलाय."

माझे दोन्ही चांगले आहेत, वन्सं.

म्हणून ही विनंती. तिला सांगा, आईचाच घे. तुमचं ती ऐकते.

क्रांती


सांगली, २१ नोव्हेंबर

वन्सं,

एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेला डबा मिळाला. शंकरपाळ्या मिळाल्या. फुलवातींचं पुडकं मिळालं, त्यातल्या वाकड्या वाती शिवूनं मे महिन्यात तुमच्या खोलीत वळल्या होत्या म्हणे. त्या तिनं निवडून वेगळ्या ठेवल्यात, जाळायच्या नाहीत. माझ्या पत्राचं उत्तर मात्र डब्यात नव्हतं.

ते मी परवा व्हिडिओ कॉलवर ऐकलं. मी मशीनवर होते, तुम्हाला दिसत नव्हते. शिवूनं विचारलं, "आत्ये, तू कान देनार का नाय?" तुम्ही म्हणालात, "तुजा कान, तू ठरीव. माज्याकडं एकच धड हाय, पन मापाला दिऊन काय जात न्हाई." आणि दोघी हसलात. ती किती वेळ हसत होती!

मी पाच वर्षं या पोरीला स्पीच थेरपीला नेते. फलटणकडचं घर सोडून सांगलीत राहिले ती त्यासाठीच. आरशासमोर बसवून प, फ, ब, भ. तोंडापुढं मेणबत्ती धरून फुंकर. शेजारणी म्हणायच्या, येडी झाली ही बाई. एवढं करून ती "आई" नाकातून म्हणते आणि "आत्या" अगदी स्वच्छ. मी थेरपीवालीला विचारलंही. ती म्हणाली, त कठीण, म्हणून तो नंतर सुधारतो असं काही नाही, मुलाला जे म्हणावंसं वाटतं ते सुधारतं. बाईला कुठं काय बोलावं कळत नाही.

सासूबाई गेल्यावर यांनी सुट्टीत तिला वाईला नेलं, तेव्हाच मी अडवायला हवं होतं. चार दिवसांत काय केलंत तुम्ही? तुम्ही समोर बसता, हळू बोलता, तोंड तिच्याकडं ठेवता. मीसुद्धा तेच करते. माझ्याकडं ती हातवारे करून "पाणी" म्हणते आणि तुम्हाला वर्गातल्या पोरांची नावं सांगते. परवा तिनं केसांचा खालच्या बाजूला तुमच्यासारखा अंबाडा घातला होता. सात वर्षांच्या पोरीनं अंबाडा!

हे फोनवर म्हणतात, "आक्काला बोलवून घे की. एका दिवसाचं तर काम." मी म्हटलं, तुमच्या घराण्यानं तिला एकदा कान दिला, बघितला तो. आता माझी पाळी. यांनी फोन ठेवला. सीमेवरच्या चौकीवर यांना दहा मिनिटं मिळतात बोलायला, त्यातली आठ तशीच गेली.

मला तुमचा हेवा वाटतो, वन्सं. लिहिलं एकदाचं. खोडणार नाही.

ग्रहणाची गोष्ट मी काढत नाही. तुम्हीही काढू नका.

क्रांती


सांगली, ९ डिसेंबर

वन्सं,

ऑपरेशन झालं नाही. तुम्हाला शिवूकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळू दे.

मी तुमच्या फोनची वाट बघितली नाही. मागच्या आठवड्यात जाऊन माझ्या उजव्या कानाचं माप देऊन आले. फिल्म बघून डॉक्टर म्हणाले, छान कान आहे. कधी नव्हे ती मी दिवसभर केस वर बांधून फिरले.

शिवूला सांगितलं, आत्याला वाईहून यायला जमत नाही. खोटं होतं. तिनं "बरं" म्हटलं. मला वाटलं, मिटलं.

काल सकाळी दवाखान्यात दाखल झालो. डॉक्टर फिल्म घेऊन आले आणि तिच्या गालाशी धरून खुणा करायला लागले. तिनं फिल्म हातात घेतली, उजेडाकडं धरली, मग माझ्या कानाकडं बघितलं. आणि डोक्यावरचा पट्टा काढून उशीखाली ठेवला.

वन्सं, ऐकू येणारं मूल रुसलं तर ओरडता येतं. हिनं पट्टा काढला की संपलं. मी बोलते, ती भिंतीकडं बघते. मी समोर गेले की डोळे मिटते. नर्सनं गोष्टीचं पुस्तक आणलं, फुगा आणला. अकरा वाजले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले, त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "भीती वाटते का?" तिनं "नाही" लिहिलं. "मग काय?" पेन्सिल तोंडात घालून तिनं पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, "आई खोटं बोलली आत्या येनार होती."

तुम्ही तिला येते म्हणाला होता, हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, "ताई, हे ऑपरेशन घाईचं नाही. मुलीची तयारी नसेल तर मी हात लावत नाही. महिनाभरानं या. कुणाचा कान ते तुमचं तुम्ही घरात ठरवा, मला कुणाचाही चालतो."

घरी आल्यावर मी तिच्या डोक्यावरून टोपी काढायला गेले. तिच्या प्रत्येक फ्रॉकच्या कापडातून मी टोपी शिवते, कानावर झालर येईल अशी. बारा-पंधरा टोप्या आहेत, रंगाला रंग. माझ्या हातची सगळ्यात नीट शिलाई त्या टोप्यांवर आहे. ती मला हात लावू देईना. मी समोर बसून हळू विचारलं, आत्याचाच का गं? तिनं उत्तर दिलं, वन्सं, आणि नाकातून नाही, स्वच्छ दिलं.

"आत्या माझा कान बघते. आणि तिचा दाखवते. तू टोपी घालतेस."

मी त्या टोप्या मोजत बसले. पुढं काय लिहू?

क्रांती


सांगली, १२ डिसेंबर

ती. वन्सं,

ग्रहणाची गोष्ट काढू नका म्हणाले होते. मीच काढते.

माघातली पौर्णिमा होती, मला दोन महिने झाले होते. संध्याकाळी चंद्र उगवला तो ग्रासलेलाच. सासूबाई जप करत बसल्या होत्या. मला आतल्या खोलीत बसायला सांगितलं होतं, कापायचं नाही, चिरायचं नाही, सुईला हात लावायचा नाही. आणि माझ्या आतेबहिणीचं लग्न तीन दिवसांवर आलेलं. मला स्वतःला घालायचा ब्लाउज कापायचा राहिला होता, मोरपंखी, खणाच्या काठाचा. तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "आगं किरांती, गिराण लागलंय. कातर ठिव. मला ह्यातलं काय पटत न्हाई, पन उद्या काय झालं तर समदी तुज्याच डोक्यावर खापर फोडत्याल. माज्या आयनं माज्यापायी तेच ऐकलंय." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि कातर लावली.

शिवू झाली. दाईनं तिला पुसून माझ्याजवळ दिली तेव्हा मी आधी उजवा कान बघितला, मग डावा. तुमच्या आईंनी माझे बघितले होते तसेच.

तिसऱ्या दिवशी सासूबाई खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. "गिराणात कातर कुनी लावली? खरं सांग. मला आवाज आला हुता." मी म्हणाले, "वन्संचा ब्लाउज होता. त्यांनीच घाई लावली. मी नको म्हणत होते."

झालं एवढंच. दोन वाक्यं.

तुम्ही बारशाला आलात. हातात झबलं होतं, तुमच्या हातानं शिवलेलं, टाके लांब-लांब. नाव ठेवायचा मान आत्याचा. सासूबाई दारातच म्हणाल्या, "तुज्या पायानं एक झालं तेवढं पुरं. पाळन्याजवळ जाऊ नगंस." तुम्ही आत माझ्याकडं बघितलं. मी पाळण्याची दोरी नीट करत होते. झबलं उंबऱ्यावर ठेवून तुम्ही परत गेलात. नाव मग शेजारच्या बाईनं ठेवलं. ती वाकली आणि मोठ्यानं विचारलं, "कुटल्या कानात सांगू?" आणि बायका हसल्या. काही रडल्याही असतील, मी बघितलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, ग्रहणानं होतं का. ते म्हणाले, अजिबात नाही. घराण्यात आधी कुणाला असेल तर कधीकधी पुढं येतं, आणि कुणालाच नसताही येतं, कुणाचा दोष नसतो. म्हणजे कातर लावली म्हणून काही झालं नाही, आणि तुम्ही लावायला सांगितली असती तरी झालं नसतं. माझं खोटं फुकट होतं, वन्सं. पण तुमचं माहेर तेवढ्यानं तुटलं. सासूबाई आजारी होत्या तेव्हाही तुम्ही फाटकाबाहेरूनच विचारून गेलात.

आणि तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. यांनासुद्धा. ह्याचाही मला हेवा वाटत आलाय. तुम्ही भांडला असता तर मी सुटले असते.

पोरीला तुमचा कान हवाय. द्या. पुढची तारीख ८ जानेवारी. माप आदल्या दिवशी. शिवूला मी सगळं सांगितलेलं नाही, तिला कळेल तेवढं सांगितलं. तिनं विचारलं, "मग सॉरी म्हनलीस?" मी म्हटलं, पत्र लिहिते.

चुकले, वन्सं.

क्रांती


सांगली, १४ फेब्रुवारी

ती. वन्सं,

तुम्ही आमच्याकडं नऊ दिवस राहिलात आणि आपण भाकरी, दवाखान्याचा डबा आणि पाण्याची वेळ एवढंच बोललो. दोन बायका एका खोलीत असल्या तर स्वयंपाकाचं बोलणं पुरतं. म्हणून पुन्हा पत्र.

माप घ्यायच्या दिवशीचं आधी सांगते. तुम्ही बघितलंत, तरी सांगते, कारण तुम्ही काय बघितलंत ते मला माहीत आहे.

डॉक्टरांनी तुमच्या उजव्या कानावर फिल्म धरली आणि रेघ काढली. शिवू इतकी जवळ उभी होती की त्यांना तिला दोनदा मागं सारावं लागलं. मग ते कात्री शोधायला लागले. मी म्हणाले, मी कापते, मी शिलाईवाली आहे. ते हसले आणि फिल्म माझ्या हातात दिली.

तुमचा कान माझ्याहून जरा लांब आहे. वरची कड रुंद वळते. हातात कात्री आली आणि मला दिसलं, वरच्या वळणावर रेघेच्या एक सूत आतून गेलं की तो माझा कान होतो. एक सूत! ब्लाउजच्या मुंढ्यात एवढा फरक घालणारीला सुद्धा कळत नाही. डॉक्टरांना कळलं नसतं, शिवूला कळलं नसतं. जन्मभर पोरीच्या डोक्याला माझा कान राहिला असता आणि ती तो तुमचा समजली असती.

मी आतून गेले.

मान वर केली तर समोर आरसा, आणि आरशात तुम्ही. तुम्ही कात्रीकडं बघत होता. पुन्हा गप्पच! मला वाटलं, आता तरी बोलेल ही बाई. तुम्ही पदर सारखा केलात आणि मान वळवलीत.

तेव्हा मीच म्हणाले, "डॉक्टर, चुकली. दुसरी फिल्म द्या." डॉक्टर म्हणाले, "एवढं चालतं हो." मी म्हणाले, "मापाला चालत नाही." तुम्ही पुन्हा बसलात. दुसऱ्या वेळी मी रेघेवरून कापली, पुरी, तसूभर इकडंतिकडं नाही. पहिली फिल्म मी पर्समध्ये घातली आणि घरी येऊन जाळायला घेतली. गॅसच्या शेगडीत ती जळेना, नुसता वास सुटला, म्हणून शेवटी तुकडे केले. शिवू विचारत होती, आई, कसला वास येतोय.

आता दुसरं. जायच्या दिवशी रिक्षात मी पत्राचं विचारलं, मिळालं होतं ना. तुम्ही म्हणालात, "मिळालं की. आगं, मला तवाच ठावं हुतं. आय मला बोलली ना, किरांती आसं सांगती म्हनून. म्या म्हनलं, व्हय, माजाच ब्लाउज." मी थक्क झाले. तुम्ही कबूल केलं होतंत! मी म्हटलं, आवं, पण का? तर तुम्ही रिक्षावाल्याला "जरा हळू रं" म्हणालात आणि मला म्हणालात, "तू बाळंतीन. तुज्यावर घातलं आसतं तर दूध आटलं आसतं पोरीचं. माज्या नावावर एक कान हुताच की. आनिक दोन झालं, काय वजन वाढलं?"

स्टँडवर तुम्ही गाडीत चढलात आणि मी तिथल्या बाकड्यावर बसले ती दोन गाड्या जाईपर्यंत उठले नाही.

काल शिवूची सगळी पट्टी निघाली. अजून लाल आहे, सुजलेला आहे, मागून चिकटलेला आहे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी तो मागून उचलून मोकळा करायचा. पण कान आहे. वरची कड रुंद वळते. शिवूनं केस मागं घेतले आणि दवाखान्याच्या जिन्यावरून खाली उतरताना प्रत्येक माणसाकडं उजवी बाजू करून उतरली. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय गं बाळ, मान आखडली का?" ती म्हणाली, "न्हाई, कान आलाय."

डॉक्टरांनी दुसऱ्या कानाचं काढलं, तेव्हा ही म्हणाली, "दुसरा आईचा करा." आपणहून म्हणाली, वन्सं. माझ्याकडं न बघता, जसं काय वाटणी करतेय. मला क्षणभर काही दिसेना. डॉक्टर माझ्या तोंडाकडं बघायला लागले. म्हणाले, फार फरक नाही, विचार करा हवं तर.

मी विचार केला. खोटं कशाला, बराच केला. दोन बाह्या दोन मापांच्या मी कुणाला शिवून दिलेल्या नाहीत. मी पर्समधून तुमची फिल्म काढली, डॉक्टरांनी काम झाल्यावर मला परत दिली होती. ती उलटी करून टेबलावर ठेवली. उलटी केली की डावा कान होतो. म्हटलं, हाच.

शिवूला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग तुझं काय घेऊ?" मी म्हटलं, टोपी घे. ती हसली. तुमच्याबरोबर हसते तेवढं नाही. पण हसली.

ती आरशात बघते तेव्हा मला आता तिच्या डोक्याला तुम्ही दिसता. सकाळी वेणी घालताना रोज दिसता. मी जळते अजून, तुम्हाला खोटं सांगणार नाही. पुढंही जळेन. दुसरा कान झाला की दोन्ही बाजूंनी जळेन.

एप्रिलमध्ये यांना सुट्टी आहे. तेव्हा या. ते झबलं माझ्याकडं आहे, उंबऱ्यावरून मी उचललं होतं, शिवूला घातलं मात्र कधी नाही. बारसं करायचं राहिलंय. पाळण्यात ती मावणार नाही, खुर्चीवर बसवू. नाव तेच ठेवायचं, शिवांजली, फक्त तुम्ही सांगायचं. नव्या कानात सांगितलं तर तिला ऐकू येणार नाही, त्या वाटेनं काही आत जात नाही. तरी तिथंच सांगा. वाकून सांगा आणि मग समोर येऊन मोठ्यानं पुन्हा सांगा. दोरी मी नीट करत बसणार नाही.

तुमची,
क्रांती